दुपारी झोपता येईल का?

राजकन्याताई जिना चढताना चपला हातात घ्यायच्या.

कुकर असूनही वरण पातेल्यात शिजवायच्या. शिट्टी झाली की शेजारच्या खोल्यांतल्या पोरांचा अभ्यास मोडतो, म्हणून.

जेवण उभ्यानं, ओट्याला टेकून. ताट घ्यायच्या नाहीत. पातेल्याच्या झाकणात भात, त्यावर वरण.

फोनचा आवाज कायम बंद. तो कमरेला खोचलेला असायचा. थरथरला की त्या पोटावर हात ठेवायच्या.

भिंतीला पाठ लावून, बसल्या जागी झोपायच्या. कुणी हाक मारायच्या आत "हाव, उठलेच" म्हणायच्या. बऱ्याचदा कुणी हाक मारलेलीच नसायची.

पिशवीत राजगिऱ्याचे लाडू. पेपरला निघालेल्या पोराच्या तोंडात एक कोंबल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर सोडायच्या नाहीत. पोरगं कुणाचंही असो.

आणि नवं माणूस दिसलं की चेहऱ्याच्या आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बघायच्या.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी उदगीरहून लातूरला आले तेव्हा मल्लम्मा मावशींच्या इमारतीत गच्चीवरची खोली मिळाली. पहिल्या दिवशी बादली घेऊन जिना चढत होते. खालून एक बाई चपला हातात घेऊन वर आल्या. माझ्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

"शीर चांगली हाय तुझी," त्या म्हणाल्या. "एका टोचणीत रक्त येईल."

मी घाबरून बादली खाली ठेवली.

"घाबरू नको. मी लॅबमध्ये होते पहिले. नाव काय तुझं?"

"बुशरा."

"कितवीला?"

"एम. ए. झालंय. मराठीत."

"मग इथं काय करून राहिलीस?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. त्या इमारतीत परीक्षा नसलेलं माणूस राहत नसे.

लातूरची ती गल्ली उद्योग भवनाच्या मागं आहे. तिथं घरं नाहीत, खोल्या आहेत. पोरगं अकरावीला आलं की आई त्याच्याबरोबर खोली करून राहायला येते. बाप गावी राहतो. शेती असते, दुकान असतं, नोकरी असते. रविवारी गल्लीत बाप दिसायचे, हातात पिठाचे डबे आणि तुपाच्या बरण्या घेऊन. संध्याकाळी परत जायचे. आया राहायच्या. दोन वर्षांसाठी आलेली बाई पोरानं पुन्हा नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा, द्यायचं ठरवलं की तिसऱ्या वर्षीही राहायची. मग धाकटं अकरावीला यायचं.

राजकन्याताई अशाच राहिल्या होत्या. आधी मुलगी, मग मुलगा. त्या हिमायतनगरच्या. त्यांचे मिस्टर, व्यंकटराव, तिथं बी-बियाणांचं दुकान चालवतात. लग्नाआधी ताई नांदेडला डॉक्टर लेनमधल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. रक्त घ्यायच्या, स्लाइड करायच्या, मायक्रोस्कोपखाली बघायच्या. मुलगी झाली तेव्हा सुट्टी घेतली. ती सुट्टी संपलीच नाही.

मी क्लासवाल्यांच्या नोट्सची प्रुफं तपासायचे. ताई दुपारी माझ्या खोलीत येऊन बसायच्या. कारण माझ्या खोलीत अभ्यास नव्हता. तिथं मोठ्यानं बोललं तरी चालायचं. पण त्या बोलायच्या नाहीत. भिंतीला पाठ लावायच्या आणि डोळे मिटायच्या. त्यांचा मुलगा तेव्हा तिसऱ्यांदा परीक्षेला बसला होता.

"आमचं फिजिक्स कच्चं हाय," त्या डोळे मिटूनच सांगायच्या. "बायो आमचं पक्कं. फिजिक्सला मार खातो आम्ही."

मुलगी होमिओपॅथीला लागली. मुलाला शेवटी पुण्याला बी. फार्म.ला प्रवेश मिळाला. ऑगस्टात तो गेला. त्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ताई पातेल्यात वरण शिजवत होत्या.

"आता तरी कुकर लावा की," मी म्हणाले.

त्यांनी कुकरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आता सवय न्हाई त्याच्या आवाजाची."

दिवाळीनंतर खोली सोडायचं ठरलं होतं. गावी जाणार का, असं मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "जाऊन काय करू? ते आता माझ्याहून चांगली भाकरी करून राहिले. मी गेले की म्हणतात, तू बस, तुला इथलं सापडायचं न्हाई."

मग एका दुपारी त्यांनी माझ्यासमोरच नांदेडला फोन लावला. जुन्या मैत्रिणीला, दिलशादबाईंना. त्या अजून त्याच लॅबमध्ये होत्या. आता तिथं सगळ्यांत जुन्या.

"कुठं जागा असली तर सांग," ताई म्हणाल्या. एवढंच. हालहवाल विचारायचंही विसरल्या.

चार दिवसांनी उत्तर आलं. मोठे डॉक्टर आता घरीच असतात, त्यांचा मुलगा लॅब बघतो. त्यांना माणूस हवंय. एक दिवस येऊन काम दाखव.

त्याच आठवड्यात संगमेश आला. समोरच्या इमारतीत त्याचं मुलींचं हॉस्टेल आहे. रेक्टरबाई काम सोडून गेल्या होत्या. तो खुर्चीत बसला. ताई चहा करायला उभ्या राहिल्या. मी दारात.

"काकू, तुम्हाला नवीन काय शिकायचंय?" तो म्हणाला. "इथं दोन पोरं होती, तिथं बासष्ट हायत. एवढाच फरक."

"बासष्ट?"

"साठच धरा. दोघी रडून घरी जाणारच हायत."

"काम काय असतं?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. पहाटे उठवायचं. कोण जेवलं न्हाई ते बघायचं. रडली तर समजवायचं. बापाचा फोन आला तर अभ्यास करून राहिली म्हणून सांगायचं. काकूंना काय, डोळे झाकून जमतंय. खोली हाय, जेवण हाय. अजून काय पाहिजे?"

ताईंनी त्याच्या हातात कप दिला. "संगमेश, दुपारी झोपता येईल का?"

तो हसला. त्याला वाटलं, काकू गंमत करतात. "रेक्टर कुठं झोपत असतो का, काकू!"

"खोलीला आतून कडी हाय?"

"होती. मी काढून टाकली. पोरींना कधी पण येता आलं पाहिजे. ढकललं की उघडतं दार."

"विचार करून सांगते," ताई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी बोलायला लागले. मी पुष्कळ बोलले. नांदेडचं काम तुमचं स्वतःचं आहे, म्हणाले. तुम्ही ते शिकलात. हॉस्टेल म्हणजे पुन्हा तेच, दुसऱ्यांच्या पोरांसाठी. तुम्हाला तुमची ओळख परत मिळेल.

"ओळख?" ताई कप विसळत होत्या. "गल्लीतली कुत्री बी ओळखतात मला."

पण त्यांच्या मनात नांदेड होतं. मला ते दिसत होतं. त्यांनी कुठून तरी सलाइनची नळी आणली होती. ती पलंगाच्या पायाला बांधून त्या सुई धरायचा सराव करायच्या. दुपारी, माझ्याकडे झोपायला यायच्या वेळेत. नळी लाल व्हावी म्हणून तीत कुंकवाचं पाणी भरलं होतं. सुई आत गेली आणि पाणी आलं की त्या माझ्याकडे बघायच्या. हसायच्या नाहीत, फक्त बघायच्या.

मुलीचा फोन आला. स्पीकरवर होता. "आई, हॉस्टेलच घे. तुला जमतं ते," ती म्हणाली.

ताईंनी "हाव" म्हटलं आणि फोन कमरेला खोचला. त्या दिवशी नळीवर सराव केला नाही.

आम्ही पहाटेच्या एसटीनं नांदेडला निघालो. मी सोबत जाणं त्यांना बरं वाटलं. अहमदपूरपर्यंत त्या जाग्या होत्या. पुढच्या बाकावरच्या कंडक्टरच्या, म्हाताऱ्याच्या, झोपलेल्या पोरीच्या हातांकडे बघत होत्या.

"ह्याची सापडायची न्हाई लवकर," म्हाताऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या. "मनगटावर घ्यावं लागेल."

लोह्याच्या पुढं मी त्यांना समजावलं. मधल्या वर्षांबद्दल विचारतील. सांगायचं, कौटुंबिक जबाबदारी होती. पण वाचन चालू ठेवलं होतं.

"वाचन तर होतंच," ताई म्हणाल्या. "आमची अकरावी-बारावीची बायो पाठ हाय."

लॅबचं दार काचेचं झालं होतं. ताईंनी ते ओढलं. ते ढकलायचं होतं. आतून दिलशादबाई आल्या. उंच, चष्मा, पांढऱ्या कोटावर ओढणी. त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरले.

"क्या गे, इत्ते साल कां थी?"

"लातूरला."

"लातूर क्या चांद पे है? फोन नै करना?"

दिलशादबाईंनी त्यांच्या केसांकडे बघितलं, स्वतःच्या केसांवरून हात फिरवला आणि दोघी हसल्या.

डॉक्टर तरुण होते. माझ्याहून फार मोठे नसतील. त्यांनी बसायला सांगितलं. ताई बसल्या, खुर्चीच्या कडेवर.

"मधल्या वर्षांत काय केलं?"

मी मनात म्हटलं, कौटुंबिक जबाबदारी.

"आम्ही नीट दिली," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वर बघितलं. "किती वेळा?"

"मुलीची दोनदा. मुलाची तीनदा."

"मग मावशी, तुमचं फिजिक्स माझ्याहून चांगलं असणार."

"न्हाई ओ. फिजिक्स आमचं कच्चंच ऱ्हायलं."

डॉक्टर मोठ्यानं हसले. वाईट हसू नव्हतं ते. पण माझी मान खाली गेली.

कलेक्शनच्या खोलीत सकाळची गर्दी होती. ताईंना खुर्चीजवळ उभं केलं. पहिला एक मास्तर आला. ताईंनी पट्टा बांधला, बोटानं चाचपलं, सुई घातली. रक्त आलं. मास्तर दुसरीकडे बघत होता. "झालं का?" त्यानं विचारलं, तेव्हा कापूस लावूनही झाला होता. दिलशादबाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी उगाच फुगले, जणू मीच शिकवलं होतं.

मग एक म्हातारी. मनगटावर घ्यावं लागलं. मग एक पोलीस, तो सुई बघून पांढरा पडला. ताई म्हणाल्या, "साहेब, माझ्याकडं बघा. तुमचं गाव कुठलं?" तो भोकर म्हणाला. तेवढ्यात झालं.

चौथी एक मुलगी आली. कॉलेजातली असेल. ओठ वाळलेले, पिशवीत पुस्तकं. खुर्चीत बसताना तिनं हात टेकला.

"काय गं? चक्कर येऊन राहिली?"

"थोडी. सकाळपासून काही खाल्लं नाही. इथून क्लासला जायचंय."

"उपाशी?" ताई म्हणाल्या. "अशी उपाशी कुणी निघतं का घरातून?"

त्यांचा हात पिशवीत गेला. राजगिऱ्याचा लाडू निघाला. अर्धा मुलीच्या तोंडात गेला, तेव्हा दिलशादबाई ट्यूबवर नाव लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अगे! फास्टिंग था उसका!"

सगळे थांबले. ती मुलगी तोंड मिटून बसली. गिळावं की नाही, तिला कळेना.

"मी सांगणारच होते," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

बाकावरचा पोलीस हसला. मग सगळेच हसले. उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्या पोरीला लॅबवालीनंच लाडू चारला, हे त्यानं बाहेर उभ्या असलेल्या माणसालाही सांगितलं. ताई हसल्या नाहीत. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. बोटांना राजगिरा चिकटला होता.

"मी," त्या म्हणाल्या. "मी असं केलं."

"होतं," दिलशादबाई म्हणाल्या. मुलीला उद्या यायला सांगितलं.

डॉक्टरांनाही कळलं. ते चिडले नाहीत. त्यांनी सांगितलं की हात चांगला आहे. सुरुवातीला कलेक्शनच. मायक्रोस्कोपचं पुढं बघू. सोमवारी आलात तर जागा तुमची, नाहीतर नुकत्याच पास झालेल्या मुली विचारून जातायत. ताईंनी मान हलवली. मुली विचारून जातायत, हे मी ऐकलं. ताईंनीही ऐकलं. ही जागा गेली तर ताईंना पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

दुपारी गर्दी सरली. दिलशादबाईंनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं. अरुंद खोली, एक खिडकी, मायक्रोस्कोप. "बघ," त्या ताईंना म्हणाल्या. "तुझं जुनं टेबल. मायक्रोस्कोप नवा आहे."

ताई स्टुलावर बसल्या. दिलशादबाईंनी स्लाइड लावून दिली. ताईंनी डोळा टेकवला. एक हात बाजूच्या चाकावर. चाक थोडं पुढं, थोडं मागं. मग चाक थांबलं.

मी दारात उभी होते. इतक्या वर्षांनी, असं काहीतरी मनात येत होतं. त्या बघत होत्या. खूप वेळ बघत होत्या. मी हलले नाही.

मग त्यांचा चाकावरचा हात खाली सरकला आणि मांडीवर पडला.

त्या झोपल्या होत्या.

मी पुढं झाले. दिलशादबाईंनी माझा दंड धरला. "सोने दे उसकू." त्यांनी ताईंचं डोकं अलगद बाजूला घेऊन टेबलावर टेकवलं. खाली आपली घडी केलेली शाल ठेवली. खिडकी लोटली. आम्ही बाहेर आलो. त्यांनी दार ओढून घेतलं.

"दुपारी आम्ही सगळेच टेकतो जरा," त्या मला म्हणाल्या. "संध्याकाळचे पेशंट येईपर्यंत कुणी येत नाही इथं."

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मला लाज वाटत होती, रागही येत होता. आता कोण ह्यांना काम देणार, असं वाटत होतं. मध्ये डॉक्टर येऊन गेले. त्यांनी बंद दाराकडे बघितलं, दिलशादबाईंकडे बघितलं, आणि चहा सांगून निघून गेले.

ताई उठून बाहेर आल्या तेव्हा गालावर शालीची वीण उमटली होती. "हाव, उठलेच" त्या म्हणाल्या नाहीत.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "स्लाइडवर काय दिसलं?"

"पेशी." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "गोल गोल. सगळ्या गप होत्या. मग झोप लागली."

लोहा गेल्यावर म्हणाल्या, "कुणी उठवलं न्हाई मला."

लातूरला फाटकातच संगमेश भेटला. पोरींना सांगून टाकलंय, म्हणाला, सोमवारपासून काकू येणार. पोरी लई खूश हायत. ताईंच्या हातात पिशवी होती. पाय सुजले होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "येते."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "येते म्हणालात?"

"हाव."

"मग नांदेड?"

"दिलशादला बी येते म्हणाले."

"दोघांना सोमवार?"

"न्हाई म्हणायला अंगात जोर लागतो, बुशरा." त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. "सोमवार येऊ दे."

रविवारी व्यंकटराव टेम्पो घेऊन आले. शांत माणूस. त्यांनी सामान स्वतःच बांधलं. भांडी, गाद्या, कुकर. शेवटी टेम्पोजवळ उभे राहिले.

"कुठं उतरवू? नांदेडला खोली बघायची का?"

"सगळं गावाला न्या. मला काय लागतंय."

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "तुला जिथं बरं वाटेल तिथं ऱ्हा. माझं चालून राहिलंय."

"दिसून राहिलं मला. दोन किलोनं वाढलात."

ते हसले आणि गेले. खोलीत एक सतरंजी, एक पिशवी आणि एक उलथनं उरलं. उलथनं मुद्दाम ठेवलं होतं. भिंतीसाठी.

भिंतीवर मुलांनी तक्ते चिकटवले होते. आवर्तसारणी, किडनीचा छेद, फिजिक्सची सूत्रं. मुलीच्या तक्त्यांवर मुलाचे. तेही खळीनं, गव्हाच्या पिठाच्या. ताईंनीच शिजवून दिली होती. ती निघता निघत नाही. मल्लम्मा मावशींचा नियम होता, खोली सोडताना भिंत पहिल्यासारखी करून द्यायची.

"अय्यो, गव्हाच्या पिठानं कुणी चिकटवतं का?" मावशी म्हणाल्या होत्या. "भिंतीवर चपात्या लाटल्यासारखं केलंय."

सोमवारी सकाळी मी खाली गेले तेव्हा ताई भिंत खरवडत होत्या. पाणी मारून, उलथन्यानं. आवर्तसारणीची डावी बाजू निघाली होती. हायड्रोजन गेला होता, सोडियम गेला होता. ताईंच्या केसांत कागदाचा भुगा होता.

"मी धरू का?" मी विचारलं.

"नको. प्रुफं हायत ना तुझी?"

"ताई, सोमवार आला."

"हाव." उलथनं चालूच.

"काय ठरलं?"

त्या थांबल्या. काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. हॉस्टेलची एक मुलगी धापा टाकत दारात आली. "काकू, स्वयंपाकाची मावशी आलीच नाही. आम्हाला टेस्ट आहे. नाश्ता नाही. संगमेश सर म्हणाले, काकूंना बोलवा."

ताईंनी उलथनं खिडकीत ठेवलं. हात धुतले. पदराला पुसले. पिशवी उचलली.

"पोहे भिजवले का कुणी?"

"नाही."

"चला."

मी गच्चीवरून बघितलं. त्या मुलीच्या मागोमाग रस्ता ओलांडून गेल्या. हॉस्टेलचं फाटक उघडलं आणि बंद झालं. मी खोलीत आले आणि प्रुफं पुढं ओढली. एकही ओळ दिसेना. एका आठवड्यात मी किती बोलले होते. सगळं त्या फाटकाआड गेलं होतं. इतकं सोपं होतं ते. कुणीतरी भुकेलं आहे, एवढं सांगायचं.

जेवणाच्या सुमारास फोन वाजला.

"बुशरा, लोहा आलं."

"काय?"

"लोहा. एसटीत हाय मी. पोहे करून दिले. पोरी टेस्टला गेल्या, मी स्टँडवर गेले." गाडीचा आवाज येत होता. "दिलशादला सांगितलंय. दुपारपर्यंत पोचते म्हणाले. संगमेशला तू सांग. मला तोंडावर न्हाई म्हणता येत न्हाई."

मी प्रुफं बाजूला सारली. मला आनंद व्हायला हवा होता. मी हेच तर म्हणत होते.

"ताई, चांगलं केलंत. ते तुमचं काम आहे," मी म्हणाले.

"कामाचं काय गं." त्यांचा आवाज थकलेला होता. "रक्तच घ्यायचंय. तिथं दुपारी दार लावतात."

मी जे जे समजावलं होतं, त्यातला एकही शब्द त्यांनी सोबत नेला नव्हता.

"भिंत ऱ्हायली बघ," त्या म्हणाल्या.

"मी करू का?"

"तू नको. मल्लम्माला सांग, रविवारी येऊन करते." मग थोडं थांबून, "रविवारी तर झोपणार हाय मी. पण तू सांग."

संगमेशला सांगितलं तेव्हा तो फाटकात उभा होता. त्याला आधी पटेना. "साठ जणींचे पोहे करून गेल्या आणि मला बोलल्या न्हाईत?" मग डोकं खाजवलं. "पोहे मात्र एक नंबर झालते." आणि दुसरी बाई कुठं मिळेल का, असं मलाच विचारलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी निघाले.

रविवार आला. ताई आल्या नाहीत. फोन केला तर उचलला नाही. संध्याकाळी दिलशादबाईंचा निरोप आला, झोपली आहे, उठली की सांगते.

पुढच्या आठवड्यात निलंग्याहून एक बाई मुलीला घेऊन खोली बघायला आली. मल्लम्मा मावशींनी मला किल्ली घेऊन खाली बोलावलं. खोली उघडली. ओल्या कागदाचा वास अजून होता.

"भिंत करून देते मी," मावशी घाईनं म्हणाल्या. "आधीची बाई अर्ध्यात टाकून गेली."

ती बाई भिंतीजवळ गेली. तिच्या हातात अजून चपला नव्हत्या, पायात होत्या. आवर्तसारणीचा उरलेला भाग तिनं बोटानं चाचपला. कार्बनपासून पुढचं सगळं जागेवर होतं. खाली किडनीचा छेद, त्याला हातही लागलेला नव्हता. तिनं मुलीकडे बघितलं.

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "उपयोगी पडतंय आम्हाला."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. तिथं उलथनं होतं, खळ वाळून कडक झालेली, तिच्यात अडकलेला कागदाचा एक तुकडा.